अण्णा बुद्धाला बसले तेव्हा

खोटं बोलण्यात मी कधीच तरबेज नव्हतो. माझा हात बसला होता तो गप्प राहण्यावर. समोरच्याचा गैरसमज व्हायला लागला की मी त्याच्या आड येत नाही. त्याला निवांत पुरा होऊ देतो, आणि मग ‘मी कुठं तसं म्हणालो?’ असं विचारायला मोकळा. या एका गुणावर मी शाळा पार केली, लग्न जमवलं आणि कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत तीन वर्षं सेक्रेटरी म्हणून निभावून नेलं. पण हाच गुण पहिल्यांदा माझ्यावर उलटला तो बिबवेवाडीत, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शिल्पकलेच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात. आणि तो उलटला साक्षात वडिलांच्या बाबतीत, त्यामुळे इथे लिहून ठेवायलाच हवं. माझ्याबद्दल लोक हल्ली बरंच चांगलं बोलतात, त्यावर थोडा उतारा असावा.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या विभागात तोलणार म्हणून कामाला होते. पोतं काट्यावर चढलं की वजन बघायचं आणि शेतकऱ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. ‘पाणी दे’ हेसुद्धा ते अर्ध्या बिबवेवाडीला कळवत. दुपारी जेवून डोळा लागला की झोपेतच कधी ‘बावन्न, आठशे!’ असं गरजायचे, आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, ‘बरं, उतरवा आता.’ दोन खोल्यांचं घर, आणि त्यात सगळ्याला कांद्याचा वास. फुटका, कोंब आलेला कांदा यार्डातून घरी यायचा, त्यामुळे आमच्याकडे कांद्याचं पिठलं, कांद्याची चटणी, भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि पाहुणे आले तर भजी, तीही कांद्याचीच. त्याबरोबर तव्यावर परतलेली सुकट असली की अण्णा खूश. सुकट नसली की आम्ही सावध.

अण्णांचा हात सुटायचा. ही तक्रार नव्हे. आमच्या घरात ते हवामानासारखं होतं. आधी कपाळावर मधोमध एक शीर उभी राहायची, मग उजवा खांदा थोडा मागे जायचा, आणि मग पाऊस. चहा गार झाला, मी उत्तर दिलं, मी उत्तर दिलं नाही, असं काहीही कारण चालायचं. आईवर त्यांनी माझ्यादेखत कधी हात उचलला नाही, पण ताट भिरकावलेलं मी पाहिलंय. त्यामुळे आई स्टीलची भांडी अजिबात आवाज न करता लावायची. वाटीत वाटी, ताटावर ताट, जणू कापसाची आहेत. अशी भांडी लावणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मला लहानपणी वाटायचं, भांडी अशीच लावतात. शेजारच्या घरातला खणखणाट ऐकून मला त्यांच्या वळणाची कीव यायची.

तर डिप्लोमा. माणसाच्या मापाचं, कमरेपर्यंतचं एक शिल्प करायचं होतं, पुराणातल्या किंवा दंतकथेतल्या प्रसंगावर. अट अशी की माणूस आतून बदलतोय ते बाहेरून दिसलं पाहिजे. वर्गातल्या चौघांनी वाल्याचा वाल्मीकी घेतला, दोघींनी अहल्या घेतली. मी अंगुलिमाल घेतला. ही गोष्ट मी आमच्या वस्तीतल्या विहारात मांडी घालता यायला लागल्यापासून ऐकत होतो. जंगलातला दरोडेखोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला मारायचा आणि त्याचं बोट कापून गळ्यातल्या माळेत ओवायचा. एक दिवस भगवान बुद्ध त्याच वाटेनं निघाले. हा मागे धावला. बुद्ध सावकाश चालतायत, हा जीव तोडून धावतोय, तरी अंतर तेवढंच. शेवटी दमून ओरडला, ‘थांब!’ तर बुद्ध म्हणाले, मी केव्हाचाच थांबलोय, आता तू थांब. आणि तो थांबला. मला करायचा होता तो एवढाच क्षण: अंगात खून आहे, पाय थांबलेत, आणि आपण थांबलोय हे त्याचं त्यालाच अजून कळायचंय. वयाच्या बाविसाव्या वर्षी माणूस असले विषय फार सहज निवडतो.

चेहरा शोधायला कुठं जायची गरज नव्हती. बैलासारखी मान, जाड भुवया, दाट केस आणि ती कपाळावरची शीर. तो चेहरा घरात रोज माझ्यासमोर बसून भाकरी खात होता. मी तीन दिवस धीर गोळा केला आणि चौथ्या दिवशी जेवताना विचारलं, डिप्लोमाच्या पुतळ्याला तुम्ही बसाल का.

‘कसला पुतळा हाय?’ अण्णा म्हणाले.

‘भगवान बुद्धांच्या गोष्टीतला.’

अण्णांचा घास हातातच राहिला. ‘आन् म्या बसायचं?’

‘व्हय.’

त्यांनी आईकडे पाहिलं, भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं, आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, म्हणजे हळू, विचारलं, ‘मला जमंल व्हय रं, भगवंत व्हायला?’

इथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी अण्णा यार्डातून आले ते डोक्याचा पूर्ण गोटा करून. दारातच उभे राहिले, टाळू चकचकतेय. आई आतून आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, ‘अहो, फोटोत भगवंतांना केस हायेत की!’ अण्णांनी डोक्यावरून हात फिरवला. ‘आसं व्हय?’ मग माझ्याकडे वळून, जरा अपराधी चेहऱ्यानं, ‘चालंल न्हवं?’ ज्या केसांसाठी मी हा माणूस निवडला होता ते केस मार्केट यार्डच्या न्हाव्याकडे जमिनीवर पडले होते. ‘चालंल,’ मी म्हणालो. दरोडेखोराच्या जटा मी शेवटी नारळाच्या शेंड्या समोर ठेवून केल्या, आणि त्या तशाच दिसतात.

बिडीचं बंडल त्यांनी एका हमालाला देऊन टाकलं. सुकट बंद केली. आई म्हणाली, ‘भगवंत झाले ते झाले, आता डबाभर सुकट काय मी एकटीनं खाऊ?’ आणि खाल्ली तिनं, चवीनं, रोज थोडी. सगळ्यात वाईट म्हणजे अण्णांनी यार्डात सगळ्यांना सांगितलं. आणि त्यांनी सांगितलं म्हणजे काय हे मी वर लिहिलंच आहे. हमाल त्यांना बघून ‘सरका, भगवान आले’ म्हणायला लागले. एरवी एवढ्यावर दोन-चार जणांच्या पाठीत धपाटे बसले असते. अण्णा नुसते हसायचे म्हणे.

दुपारी यार्डातून आले की अंघोळ करून, पांढरा बनियन घालून ते शेडमध्ये पाटावर येऊन बसायचे. पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर ते हसू. मी एक नियम काढला होता की पुतळा पुरा होईपर्यंत बसणाऱ्यानं तो बघायचा नाही. हा नियम जगात कुठल्याही कॉलेजात नाही. पुतळ्याचं तोंड माझ्याकडे, पाठ अण्णांकडे, आणि काम संपलं की वर ओलं बारदान. हातांचं काम मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, कारण बुद्धाचा हात असा पुढे झेपावलेला का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उजव्या हाताच्या जागी नुसती वाकवलेली सळई होती. ‘आधी चेहरा,’ मी सांगायचो. अण्णांची काही हरकत नसायची. एकदाच बोलले, तेही पुतळ्याच्या पाठीकडे बघून: ‘खालची फळी बसंल. माती ऐंशीच्या वर गेलीया.’ मी त्यांना समजावलं की शिल्पाची माती आणि कांद्याचं पोतं यात फरक असतो, इथे वजनापेक्षा रचनेला महत्त्व. तिसऱ्या दिवशी फळी मधोमध तडकली आणि अंगुलिमाल तोंडावर पडता पडता सांगाड्यावर लोंबकळला. अण्णांनी डोळे मिटून, नियम न मोडता, पाठीमागून तो उचलून धरला, मी नवीन फळी सरकवली. खाली ठेवताना ते फक्त म्हणाले, ‘ब्याऐंशी.’

दुसऱ्या आठवड्यात मला घरात एक नवीनच आवाज ऐकू यायला लागला. कुठून येतोय ते आधी कळेना. मग कळलं, आई भांडी लावतेय. ताट फळीवर आदळतंय, वाटी घरंगळतेय, पेल्यात पेला खणखणतोय. अण्णा शेजारी बसून चहा पितायत, गारच, आणि काही बोलत नाहीयेत. त्या दिवशी आई माझ्या मागोमाग शेडच्या दारापर्यंत आली. नियमाप्रमाणे आत न येता, बाहेरूनच म्हणाली, ‘पुतळा जरा सावकाश कर.’

‘आई, परीक्षा हाय.’

‘परीक्षा काय, फुडल्या वर्षीबी येती.’

तोपर्यंत मला भीती होती ती खरं कळल्यावर बसणाऱ्या चपराकीची, आणि ती काही नवीन नव्हती. आता लक्षात आलं की या घरातली शांतता माझ्या एका न बोललेल्या वाक्यावर उभी आहे. ते बाहेर पडलं की आईची भांडी पुन्हा कापसाची होणार.

त्यात आमचे सर आले. सर स्कूटरवरून एकेकाच्या घरी जाऊन काम बघायचे, आणि विद्यार्थ्यांना ‘आपण’ म्हणायचे. ज्याला पुण्यात कुणी ‘आपण’ म्हणून झोडपलं नाही त्याला झोडपणं काय ते ठाऊक नाही. सकाळची वेळ होती, अण्णा यार्डात. मी बारदान काढलं. सरांनी एक फेरी मारली.

‘हे कोण?’

‘अंगुलिमाल, सर.’

‘असं का? मला वाटलं पतपेढीचे नवे अध्यक्ष.’ अजून एक फेरी. ‘हा माणूस खून करायला निघालेला नाही. हा सत्काराला निघालाय. आणि आपण त्याच्या गळ्यात बोटांची माळ घालणार. बरं दिसेल, शाल-श्रीफळाबरोबर.’ हेल्मेट घालता घालता म्हणाले, ‘आठ दिवस आहेत. चेहरा बदला. नाहीतर विषय बदला. दोन्ही जमत नसेल तर क्षेत्र बदला.’

सरांचं काही चुकलं नव्हतं. मातीतला माणूस अण्णांसारखा हुबेहूब होता, म्हणजे बुद्ध झालेल्या अण्णांसारखा. पोट भरलेलं, मन निवलेलं, ओठावर हसू. मला त्या चेहऱ्यावर राग हवा होता. आणि ज्या माणसाच्या रागाला मी बावीस वर्षं घाबरलो तो नेमका आत्ता रागवायला तयार नव्हता. तेव्हा मी ठरवलं की अण्णांना चिडवायचं. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते, पण हसूही येतं, आणि माझ्या वयात हसू आधी येतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या चहात मीठ टाकलं. त्यांनी घोट घेतला, थोडा वेळ विचार केला आणि सगळा चहा संपवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वहाणेचा अंगठा तोडून ठेवला. ते अनवाणी सायकल मारत यार्डात गेले. मग मी म्हणालो की मापात पाप तोलणारेच करतात असं कॉलेजात सगळे म्हणतात. हे वाक्य महिनाभरापूर्वी बोललो असतो तर आज हे प्रकरण लिहायला राहिलो नसतो. अण्णा म्हणाले, ‘करत असतील काही जन.’ शेवटचा उपाय म्हणून मी त्यांचा रेडिओ उघडला. तो त्यांचा जीव होता. उघडला आणि मला तो परत जोडता येईना, हे मात्र खरोखरच झालं. चादरीवर पसरलेल्या त्या तुकड्यांकडे अण्णांनी बराच वेळ पाहिलं. मी हातात पेन्सिल आणि कागद घेऊन तयार. कपाळाकडे बघतोय, शीर येतेय का, येतेय का. ‘उघडलास व्हय,’ ते म्हणाले. ‘आसू दे. बातम्या तरी कुठं चांगल्या आसत्यात.’

चेहरा जमत नव्हता म्हणून मी माळेकडे वळलो. न जमणारं काम टाकून जमणारं काम करण्यात मी आजही पटाईत आहे. बोटं हुबेहूब हवी होती, म्हणून खऱ्या बोटांवरून साचे घ्यायचं ठरवलं. कृती सोपी: मातीच्या ओल्या गोळ्यात बोट खुपसायचं, हळूच काढायचं, पडलेल्या भोकात प्लास्टर ओतायचं. वस्तीत सांगितलं की हाताचा अभ्यास आहे. लोक कौतुकानं आले, नखं कापून आले. आईनं दिलं, अण्णांनी दिलं, ‘भगवंतांच्या हातासाठी असंल,’ असं स्वतःच म्हणून. शेजारच्या शेवंतामावशींनीही दिलं. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट लहानपणी दारात सापडून शेंड्याला वाकडं झालेलं. ते दिल्यावर म्हणाल्या, ‘हे जगात एकच हाय, नीट ठेव.’ माझं प्लास्टर दमट होऊन त्याचे खडे झाले होते, ते चाळायला मी त्यांचीच पिठाची चाळणी मागून आणली होती. ‘बोट दिलं, चाळणी दिली,’ मावशी म्हणाल्या, ‘आता नरडं तेवढं मागू नगं.’

पस्तीस-चाळीस बोटं झाली. एका दुपारी ती सुतळीत ओवून, ओझं मातीवर कसं पडतं ते बघायला मी माळ पुतळ्याच्या गळ्यात घातली. छान दिसत होती. अण्णा यायला वेळ होता. माती सुकायला लागली म्हणून मी बादली घेऊन नळावर गेलो, आणि जाताना ना बारदान घातलं ना दार लावलं. परत येताना शेडमधून किंकाळी ऐकू आली. शेवंतामावशी चाळणी न्यायला आल्या होत्या. मी पोचलो तेव्हा त्या एका हातात चाळणी आणि दुसऱ्या हातात माळेतलं एक बोट धरून उभ्या होत्या. बोट शेंड्याला वाकडं होतं.

‘माझं हाय!’ त्या म्हणाल्या. ‘मेल्या, माझं बोट ह्याच्या गळ्यात काय करतंय?’

‘मावशी, हळू.’

‘हळू कशाला? आन् ह्ये तर अण्णाच हायेत की! अण्णा, जटा वाढवून!’

बाहेर सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज आला. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. मावशींनी वळून हाक दिली, ‘अण्णा, या, बघा तुमचा भगवंत! वस्तीची बोटं कापून गळ्यात घालून बसलाय!’

अण्णा आत आले. काटा हलायचा थांबल्याशिवाय वजन सांगायचं नाही, ही त्यांच्या कामाची सवय. तसे ते पुतळ्यासमोर उभे राहिले. स्वतःचं नाक पाहिलं, स्वतःचं हसू पाहिलं, जटा पाहिल्या. मग माळेला हात घातला आणि एक बोट चिमटीत धरलं. ‘ह्ये तुज्या आयचं,’ ते म्हणाले. दोन बोटं सोडून पुढचं धरलं. ‘ह्ये माजं.’ माळ सोडली.

‘कोन ह्यो?’

‘अंगुलिमाल,’ मी म्हणालो.

ही गोष्ट त्यांनी माझ्याआधी कितीतरी वर्षं विहारात ऐकली होती. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. ‘तीन आठवडं,’ ते म्हणाले, ‘म्या ह्यो म्हनून बसलोय?’

आता तरी माफी मागायची. तर मी म्हणालो, ‘मी कुठं म्हणालो होतो, की तुम्ही भगवान बुद्ध—’

शीर उभी राहिली. खांदा मागे गेला. हात वर आला, आणि मी डोळे मिटून मान उजवीकडे वळवली; तशी वळवली की कान वाचतो, हे मी अनुभवानं शिकलो होतो. थांबलो. काहीच झालं नाही. कधी कधी अण्णा क्षणभर उशीर करायचे, म्हणून अजून थांबलो. मग एक डोळा उघडला.

हात वर होता. पंजा उघडा, बोटं ताणलेली, माझ्या गालापासून दीड वितीवर. चेहऱ्यावर राग पुरताच होता, त्यात कसलीही सूट नव्हती. जबडा आवळलेला, शीर ठणकतेय. पण तो राग हातापर्यंत पोचत नव्हता. मनगटाच्या आधी कुठेतरी अडला होता. आणि अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते, कुणा दुसऱ्याचा हात आपल्या खांद्याला लागलाय असं. भुवया रागानं खाली आलेल्या आणि डोळे आश्चर्यानं उघडे, अशी दोन माणसं एकाच चेहऱ्यावर मी त्याआधी पाहिली नव्हती. पुढे त्या शिल्पाबद्दल जाणकारांनी लिहिलं की कलावंतानं हिंसा आणि करुणा यांचं द्वंद्व आपल्या चिंतनातून साकारलंय. मी गप्प बसलो.

चांगल्या मुलानं तेव्हा वडिलांचे पाय धरले असते. मी पुतळ्याकडे धावलो. दोन्ही अंगठ्यांनी त्याच्या ओठांवरचं हसू पुसून टाकलं, भुवयांवर माती चढवली, डोळे कोरून मोठे केले. एक नजर अण्णांकडे, एक मातीकडे. त्यांचा हात जरा खाली यायला लागला तसा मी ओरडलो, ‘हलू नका, अण्णा! तसाच ठेवा!’

‘लाज वाटती का रं तुला?’ आई म्हणाली.

वाटत होती. हात चालूच होते. शेवंतामावशी चाळणी छातीशी धरून बघत होत्या. आणि अण्णांनी, का ते मला आजतागायत नीट कळलेलं नाही, हात परत होता तिथे वर नेला आणि धरून ठेवला.

मी सळईवर माती लावत गेलो. खांदा झाला, कोपर झालं. अण्णांचं कोपर हळूहळू खाली यायला लागलं. आई आत गेली. मला वाटलं रागानं गेली. ती धुण्याच्या दोरीला टेकू द्यायची, टोकाला दोन फाटे असलेली बेळक्याची काठी घेऊन आली आणि तिनं ती अण्णांच्या कोपराखाली लावली.

‘विहारात सांगत्यात त्या गोष्टीत त्यो फुडं भिक्खू हुतो,’ अण्णा म्हणाले. हळू म्हणाले. ‘मग लोकांनी घेतला का त्याला?’

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘गावात भिक्षेला गेला की लोक दगड मारायचे.’

‘आन् मग?’

‘मग काय. दुसऱ्या दिवशी परत जायचा भिक्षेला.’

अण्णांनी यावर विचार केला. यार्डातले सगळे हमाल, ते ‘सरका, भगवान आले’, उद्याची सकाळ, हे सगळं त्यांच्या तोंडावरून सरकताना मला दिसलं.

‘उद्या मलाबी दगड पडतील,’ ते म्हणाले. मग काठीवर कोपर नीट टेकलं, पंजा पुन्हा उघडला. ‘कर तू. हात भरून आलाय, पर कर.’